भायखळा, परळ आणि विद्यापीठाची सिनेट

मुंबई विद्यापीठाचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाची लेखणी बहुधा प्रथम कोटातल्या राजाबाई मनोऱ्याकडे धाव घेते, आणि पदवीदान-मंदिराचे शिल्पसौंदर्य, त्यासाठी धनिकांनी दिलेल्या देणग्या व तेथे झालेली कुलगुरूंची भाषणे यांच्या वर्णनात ती इतकी रमते की ज्या वस्तीत या विद्यापीठाची पहिली विद्यालये उभी राहिली, जेथे त्याच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांतील कर्त्या पुरुषांनी विद्या संपादन केली, त्या भायखळ्याचा उल्लेख एखाद्या तळटीपेपुरता उरतो. विद्यापीठाचा कारभार पाहणारी जी सभा, जिला आपण आरंभापासून सिनेट म्हणत आलो आणि जिला आता कायद्याच्या भाषेत अधिसभा म्हणतात, तिच्या इतिहासाला तर ही उपेक्षा विशेषच बाधली आहे. सिनेट भरत असे कोटात. परंतु सिनेटने काय करावे, कोणाचे ऐकावे आणि कोणासाठी झटावे हे तिला सांगण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांचे धागे भायखळा-परळच्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा सापडतात. सभेचे मतदार कोण, हा प्रश्न आपण पुष्कळ चर्चिला. सभेने आपल्या लोकांना काय विचारले आणि कोणाकोणाला विचारले, याची कथा मात्र अद्याप नीट सांगितली गेलेली नाही, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते.

१८ जुलै १८५७ रोजी, उत्तर हिंदुस्थान बंडाच्या वणव्यात होरपळत असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती, त्याने नेमलेला कुलगुरू आणि त्यांच्या जोडीला सरकारने नियुक्त केलेले फेलो, अशी या सभेची मूळ घडण होती. पहिल्या फेलोंच्या यादीत बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाई आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांची नावे आहेत, ही गोष्ट मुंबईकरांना अभिमानास्पद आहेच. परंतु या नेमणुका तहहयात होत्या, त्यांना निवडणुकीचा स्पर्श नव्हता, आणि जसजशी वर्षे लोटली तसतशी फेलोची पदवी ही विद्येच्या कामापेक्षा सरकारदरबारी मानमरातब म्हणूनच अधिक वाटली जाऊ लागली. विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५९ मधील पहिल्या प्रवेश परीक्षेत अवघे बावीस उमेदवार उत्तीर्ण झाले, आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे पहिले पदवीधर झाले, तेव्हा ज्यांच्याकरिता ही संस्था निर्माण झाली होती त्यांची संख्या एका लहानशा खोलीत मावण्याइतकीच होती. अशा संस्थेला आपल्या घटकांचे मत विचारण्याची गरज भासली नाही, यात त्या काळच्या मानाने नवल नाही.

भायखळ्याचे महत्त्व येथून सुरू होते. विद्यापीठाच्या जन्माच्या आधी बारा वर्षे, १८४५ मध्ये, जमशेटजींच्या दातृत्वाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या आवारात ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते, आणि भाऊ दाजी हे तेथीलच पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. म्हणजे पहिल्या सिनेटमध्ये बसलेल्या एका तरी गृहस्थाला विद्यार्थ्याच्या बाकावरून विद्या कशी दिसते याचा प्रत्यक्ष अनुभव होता. पुढे १८७१ मध्ये, कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीच्या साहाय्याने, राणीच्या बागेसमोर परळ रस्त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजची भव्य दगडी इमारत उभी राहिली. १८८८ च्या सुमारास कॉलेज काळा घोड्याजवळच्या आजच्या जागेत गेले, आणि भायखळ्याची वास्तू व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटकडे आली. ती संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला हलल्यावर तेथे रेल्वेचे रुग्णालय झाले. साहित्य व तत्त्वज्ञान शिकणारे तरुण, त्यांच्यामागून गिरण्यांची यंत्रे समजून घेणारे कारागीर-विद्यार्थी आणि त्यांच्याही मागून रेल्वेचे आजारी कामगार, असा या एकाच वास्तूचा प्रवास आहे. त्या रुग्णालयाला आज भारतरत्न डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, समोरून जाणारा जुना परळ रस्ताही त्यांच्याच नावाने ओळखला जातो; आणि विद्यापीठाविषयीच्या प्रश्नांना आजवर मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत मार्मिक उत्तर त्यांचेच होते, हे पुढे यावयाचे आहे.

त्याआधी एका प्रसंगाचा निर्देश करावयास हवा, कारण सिनेटचे कान बाहेरच्या आवाजाने कसे उघडले जातात याचे ते बोलके उदाहरण आहे. १८८० नंतरच्या दशकाच्या आरंभी मुंबईतील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाव्यात म्हणून जॉर्ज किटरिज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक यांनी सार्वजनिक वर्गणी उभारली, विलायतेहून एडिथ पीची या विदुषी डॉक्टरांना आणविले, आणि भायखळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाची दारे स्त्रियांना उघडावी असा आग्रह धरला. १८८३ मध्ये ती दारे उघडली, आणि त्याच सुमारास विद्यापीठाच्या परीक्षाही स्त्रियांना खुल्या झाल्या. पुढे पीचीबाई स्वतः सिनेटवर आल्या; त्या सभेत बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. येथे सिनेटने कोणाचे मत मागविले नव्हते. शहराने वर्गणी, अर्ज आणि आग्रह या तीन मार्गांनी आपले मत तिच्या दारात नेऊन ठेवले, आणि सभेला ते स्वीकारावे लागले. न विचारता मिळालेले मत स्वीकारण्यातही काही थोरवी आहे, हे नाकारता येणार नाही; परंतु ज्यांच्यापाशी किटरिज आणि बंगाली यांच्यासारखे वजनदार कैवारी नव्हते, त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर त्याच सुमारास पुण्याहून आले. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगाने देशभर साक्षी घेतल्या, प्रश्न पाठविले, निवेदने मागविली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, जे पुढे दहा वर्षांनी मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले, ते या आयोगाचे सभासद होते. आयोगाच्या कार्यकक्षेतून विद्यापीठांचा सर्वसाधारण कारभार वगळलेला होता. परंतु जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये जे निवेदन सादर केले, त्यात ही कक्षा ओलांडून विद्यापीठाविषयीही स्पष्ट मागणी आहे. प्राथमिक शिक्षणाची हेळसांड, शेतकऱ्याच्या सारापट्टीवर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाणे, बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, या त्यांच्या मुद्द्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे; त्या मानाने दुर्लक्षित राहिला तो हा मुद्दा की ज्याप्रमाणे प्रवेश परीक्षेला घरी अभ्यास केलेल्या उमेदवारास बसता येते, तशीच सवलत विद्यापीठाने पदवी परीक्षांनाही द्यावी, म्हणजे ज्यांना कॉलेजात जाण्याचे सामर्थ्य नाही अशा अनेक तरुणांना विद्येचा मार्ग खुला होईल. हे सांगणारा गृहस्थ विद्यापीठाचा पदवीधर नव्हता, फेलो नव्हता, मतदार तर नव्हताच. तरी ज्या नियमाने विद्यापीठाच्या भिंतीबाहेर किती माणसे उभी राहतात हे त्या सभेतील कोणाच्याही ध्यानात येत नव्हते, तो नियम त्याने नेमका दाखवून दिला. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले ते १९७१ मध्ये. फुल्यांच्या निवेदनाला तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षे झाली होती.

फुल्यांच्या निवेदनानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर १८८४ मध्ये, भायखळ्याच्या उत्तरेस परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तेथे जमलेल्या कामगारांकडून त्यांच्या मागण्या ठरवून घेतल्या: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. या मागण्यांच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन ते त्या वर्षीच्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आले. ज्यांना सही करता येत नसे अशांनी भरलेल्या गिरणगावात साडेपाच हजार नावे गोळा करणे म्हणजे किती चाळींतून हिंडणे, किती दिवसपाळ्या सुटण्याची वाट पाहणे, एकेक मागणी कितीदा समजावून सांगणे! याच १८८४ साली राणीच्या बागेसमोरच्या त्या कॉलेजातून गोपाळ कृष्ण गोखले पदवीधर होऊन बाहेर पडले. ज्या कायद्याखाली आपण काम करतो त्याविषयी आपले मत काय, हे सांगण्याची संधी परळच्या कामगाराने झगडून मिळविली होती. जी पदवी आपण घेतली ती देणाऱ्या सभेविषयी आपले मत काय, हे सांगण्याची सोय भायखळ्याच्या पदवीधराला मात्र नव्हती. हा विरोध मला सारखा खुपतो, आणि त्यात पदवीधरांचा कमीपणा दाखविण्याचा हेतू नसून, विचारले जाण्याचा हक्क हा विद्येबरोबर आपोआप येत नाही, तो मागून घ्यावा लागतो, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

लॉर्ड कर्झन यांनी विद्यापीठांच्या सुधारणेचा जो उपक्रम हाती घेतला त्याचा आरंभच सल्लामसलतीच्या दृष्टीने सदोष होता. १९०१ मध्ये सिमल्याला जी शिक्षण परिषद भरली तीत एकही हिंदी गृहस्थ नव्हता. पुढे १९०२ मध्ये सर थॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमण्यात आला. त्यात न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांना नंतर स्थान मिळाले आणि त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. आयोगाचे निदान सर्वस्वी चुकीचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिनेट अवाढव्य झाल्या आहेत, फेलोंत विद्येशी संबंध नसलेले लोक भरले आहेत, ही तक्रार खरी होती. परंतु उपाय असा निघाला की १९०४ च्या कायद्याने मुंबईच्या सिनेटमधील सभासदांची संख्या जास्तीत जास्त शंभर ठरली, त्यांपैकी दहा नोंदणीकृत पदवीधरांनी व दहा निरनिराळ्या शाखांनी निवडावयाचे आणि उरलेले सारे कुलपतींनी, म्हणजे सरकारने, नेमावयाचे. पदवीधरांनाही सरसकट मताधिकार नव्हता. ज्याने पारंगत वा आचार्य ही पदवी घेतली असेल, किंवा ज्याला पदवी मिळून दहा वर्षे झाली असतील, त्यानेच फी भरून आपले नाव नोंदवहीत घालावयाचे. तरुण पदवीधराला, ज्याच्या मनात कॉलेजच्या उणिवा अजून ताज्या आहेत, त्याला दहा वर्षे गप्प बसवून मग मत विचारावयाचे, यात कसला शहाणपणा होता हे मला कधी उमगले नाही. भायखळ्याच्या कॉलेजातून निघालेले तेच गोखले आता व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते, आणि या विधेयकास त्यांनी तेथे निकराने विरोध केला. मुंबईत फेरोजशहा मेहता, तेही एल्फिन्स्टनचेच पदवीधर, याविरुद्ध उभे राहिले. सरकारचे बहुमत होते, कायदा झाला. तरी दहा जागांपुरते का होईना, सभेच्या बाहेरच्या माणसांनी सभेत कोण बसावे हे ठरविण्याचे तत्त्व कायद्यात आले, ही लहान गोष्ट नव्हे.

निवडणूक आली, परंतु प्रश्न विचारणे आले नाही. मतपत्रिका आपल्याला कोण हवा हे सांगते. आपल्याला काय हवे, काय खुपते, कोणत्या नियमाने आपल्या मुलाचे वर्ष फुकट गेले, हे सांगण्यास तिच्यावर जागा नसते. ते विचारावयाचे तर वेगळे साधन लागते, आणि ते साधन मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात खऱ्या गांभीर्याने वापरले गेले ते १९२४ मध्ये.

त्या वर्षी मुंबई सरकारने, दीर्घकाळ कुलगुरू असलेल्या सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली, विद्यापीठ सुधारणा समिती नेमली. समितीने चोपन्न प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि ती शिक्षणतज्ज्ञांकडे व सार्वजनिक कार्यकर्त्यांकडे पाठविली. विद्यापीठाचे ध्येय काय असावे येथपासून त्याच्या निरनिराळ्या मंडळांची रचना, कॉलेजांशी असलेले त्याचे नाते, पदव्युत्तर शिक्षणाची सोय, देशी भाषांचे स्थान, असा तिचा व्याप होता. ज्यांना ती प्रश्नावली मिळाली त्यांत परळच्या चाळीत राहणारे, नुकतेच विलायतेहून परतलेले, उच्च न्यायालयात वकिलीचा जम बसवू पाहणारे डॉक्टर भीमराव आंबेडकर हे एक होते. त्याआधी काही वर्षे ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, तेव्हा विद्यापीठाचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. आणि पदवीही त्यांनी याच विद्यापीठाची घेतली होती. १९२४ च्या जुलैत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि तिला महिनाही झाला नव्हता तोच, १५ ऑगस्टला, त्यांनी प्रश्नावलीचे आपले लेखी उत्तर समितीकडे धाडले.

या उत्तरापाशी थोडे थांबणे मला अगत्याचे वाटते. एखाद्या नव्या संस्थेची जबाबदारी नुकतीच शिरावर घेतलेला, अशिलांच्या शोधात असलेला तरुण बॅरिस्टर अशा प्रश्नावलीस चार ओळींत शिष्टाचाराचे उत्तर देऊन मोकळा झाला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. त्याऐवजी त्यांनी विद्यापीठ म्हणजे काय याचाच मुळापासून विचार मांडला. प्रौढ मनाला साजेसे, निःपक्षपाती आणि शास्त्रशुद्ध शिक्षण देणे, विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या विचारशक्तीला चालना देणे आणि आधारग्रंथांकडे चिकित्सक दृष्टीने पाहावयास शिकविणे, हे त्यांच्या मते विद्यापीठाचे कार्य. आणि या कसोटीवर तेव्हाचे मुंबई विद्यापीठ त्यांना खऱ्या अर्थाने विद्येची संस्था वाटले नाही. पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षणाची फारकत करण्याला त्यांचा विरोध होता, कारण चांगले अध्यापक केवळ वरच्या वर्गांसाठी राखून ठेवले की खालचे वर्ग ओस पडतात आणि वरच्या वर्गांनाही तयार विद्यार्थी मिळत नाहीत. निरनिराळ्या कॉलेजांत विखुरलेले अध्यापक व ग्रंथसंग्रह विद्यापीठाने एकत्र आणावेत, परीक्षेच्या धाकाने अध्यापन बांधले जाऊ नये, असाही त्यांचा आग्रह दिसतो. यातील प्रत्येक वाक्यामागे बाकावर बसलेला विद्यार्थी आणि व्यासपीठावर उभा राहिलेला अध्यापक, दोघेही आहेत. समितीने प्रश्न पाठविला म्हणूनच हे मत कागदावर उतरले. तिने तो कोटातल्या बैठकीपुरता, फेलोंपुरता ठेवला असता, तर आजच्या वाचकाला ते कधीच वाचावयास मिळाले नसते.

या प्रश्नावलीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती इंग्रजीत होती, विद्वानांना उद्देशून होती. ज्या गिरणगावाच्या मध्यभागी हे उत्तर लिहिले गेले, तेथील बापाने, ज्याचा मुलगा प्रवेश परीक्षेपर्यंत पोचून फी न भरता आल्याने माघारी आला, त्याने तिला उत्तर द्यावे अशी तिची योजना नव्हती. त्याचे म्हणणे कोणीतरी मांडावयास हवे होते, आणि ते पुढे तीन वर्षांनी कायदेमंडळात मांडले गेले. आंबेडकर १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले, आणि सेटलवाड समितीच्या अहवालानंतर विद्यापीठ सुधारणेचे विधेयक मंडळापुढे आले तेव्हा, जुलै व ऑक्टोबर १९२७ मध्ये, त्यांनी त्यावर भाषणे केली. सिनेट ही केवळ तज्ज्ञांची बैठक नाही, ती धोरण ठरविणारी सभा आहे, आणि म्हणून जे वर्ग शिक्षणात मागे राहिले आहेत त्यांचे हिताहित तेथे मांडणारे लोक असलेच पाहिजेत. पदवीधरांची वा प्राध्यापकांची निवडणूक ठेवली तर या वर्गांचा माणूस त्या वाटेने येणे दुष्कर आहे, म्हणून नेमणुकीची वाट राखली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०४ मध्ये सरकारी नेमणुकीविरुद्ध जे लढले त्यांचा आणि १९२७ मध्ये नेमणूक मागणाऱ्या आंबेडकरांचा पक्ष वरवर पाहता परस्परविरुद्ध दिसतो. तसा तो नाही. गोखल्यांना सरकारची मूठ सैल करावयाची होती. आंबेडकरांना मूठभर सुशिक्षितांची. दोघांनाही सभेच्या कानावर न पडणारे बोल तिच्या कानावर घालावयाचे होते.

१९२८ च्या कायद्याने सिनेटचे रूप बदलले. विद्याविषयक निर्णयांसाठी निराळी विद्या परिषद निघाली, रोजचा कारभार सिंडिकेटकडे राहिला, आणि सिनेटमध्ये प्राचार्य, अध्यापक व नोंदणीकृत पदवीधर यांच्याबरोबर नगरीच्या सार्वजनिक संस्थांच्या प्रतिनिधींनाही जागा मिळाल्या. विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे न राहता शिकविणारेही व्हावे, ही कल्पना कायद्यात स्पष्ट उतरली. समितीने मागविलेल्या उत्तरांतले सारे काही पदरात पडले नाही. कॉलेजे आपापल्या भिंतींआड स्वतंत्रच राहिली, आणि अध्यापकांचा एकत्रित वर्ग उभारण्याची सूचना मागे पडली. तरीही प्रश्न विचारून, उत्तरे मागवून, त्यांतून कायदा घडविण्याची ही रीत मुंबई विद्यापीठाने पाहिलेली सर्वांत प्रामाणिक रीत होती, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५३ चा कायदा आला, १९७४ चा आला, १९९४ मध्ये राज्यातल्या विद्यापीठांसाठी समान कायदा झाला, आणि अखेर २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा झाला. या शेवटच्या कायद्याआधी अरुण निगवेकर, अनिल काकोडकर व राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या समित्या बसल्या, विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले, सूचना आल्या, चर्चा झाली. हे सारे योग्यच झाले. पण एक गोष्ट लक्ष वेधून घेते. १९०४ मध्ये नोंदणीकृत पदवीधरांना दहा जागा होत्या, आणि आजच्या कायद्यातही त्यांना दहाच जागा आहेत. त्या काळी पदवीधर शेकडो-हजारांत मोजता येत. आज एकट्या मुंबई विद्यापीठातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांची संख्या लाखांच्या घरात आहे. नोंदणीसाठी दहा वर्षे थांबण्याची अट गेली, हे चांगले झाले. परंतु नाव नोंदवावयाचे, पाच वर्षांतून एकदा पसंतीक्रम लिहून मतपत्रिका पेटीत टाकावयाची, आणि मग पुढच्या निवडणुकीपर्यंत सभेचा आणि आपला संबंध तुटावयाचा, ही स्थिती बदललेली नाही. दोन निवडणुकांच्या मध्ये सिनेटने आपल्या मतदारांना एखादी छापील प्रश्नावली पाठविल्याचे पाहावयास मिळत नाही.

सेटलवाड समितीने जे एकदा केले ते सिनेटने स्वतः, दर वर्षी, करावे, असे मला मनापासून वाटते. अर्थसंकल्पाची बैठक मार्च महिन्यात भरते. त्याआधी निदान दोन महिने प्रश्नावली निघावी, ती मराठीत असावी, आणि ती केवळ नोंदणीकृत पदवीधरांपुरती राहू नये. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या निवासी डॉक्टरला, लालबाग-परळच्या रात्रशाळेतून शिकून दूरशिक्षणाने पदवी घेऊ पाहणाऱ्या कामगाराला, निकाल लांबल्याने ज्याची नोकरी हुकली त्या मुलाला, मुलीची फी हप्त्यांनी भरणाऱ्या आईला ती मिळावी. प्रश्न चोपन्न नसले तरी चालतील. पाच असावेत, पण नेमके असावेत: परीक्षेच्या वेळापत्रकाने तुमचे काय नुकसान झाले, उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनास किती महिने लागले, कोणत्या विषयाचे पुस्तक मराठीत मिळाले नाही, कोणत्या कचेरीत किती खेटे घालावे लागले, आणि सभेने या वर्षी कोणती एक गोष्ट करावी. उत्तरे दप्तरात बांधून ठेवण्याऐवजी त्यांचा गोषवारा बैठकीच्या कार्यपत्रिकेबरोबर छापावा, आणि सभेने कोणती सूचना घेतली व कोणती का नाकारली हे बैठकीनंतर मतदारांना कळवावे. आंबेडकरांचे १९२४ चे उत्तर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात छापले म्हणून आज आपल्याला वाचता येते. त्या प्रश्नावलीला आलेली इतर उत्तरेही शोधून, मराठीत उतरवून, विद्यापीठाने एका ग्रंथात प्रसिद्ध करावीत, म्हणजे नव्या सभासदाला पहिल्या आठवड्यात वाचावयास काय द्यावे हा प्रश्न कुलसचिवांना पडणार नाही.